हवालदार काकी आणि साहेबाची पिल्लं

आमच्या गावातून कर्जतला जाणारा रस्ता काकीच्या अंगणाला चिकटून जातो. त्या रस्त्याच्या मधोमध, पदर कमरेला खोचून आणि उजवा हात उंच करून काकी उभी राहिली, की काय बिशाद कोणाची पुढे जायची! विटांचा टेंपो, दुधाची मोटारसायकल, फार्महाऊसवाल्यांच्या काळ्या काचांच्या गाड्या, सगळं जागच्या जागी थांबायचं. मग काकीच्या कोंबड्या आरामात, मध्येच काहीतरी टिपत, रस्ता ओलांडायच्या. एकदा एका गाडीवाल्याने हॉर्न वाजवला. काकी त्याच्या काचेपाशी गेली आणि म्हणाली, "दादा, तुमाला मुंबईला जायचंय, तिला अंडं घालायचंय. घाई कोनाला जास्त, तुमीच सांगा." गाडीवाल्याने हॉर्न तर थांबवलाच, वर जाताना तिच्याकडून डझनभर गावठी अंडी घेऊन गेला.

ह्या हातामुळेच तिचं नाव हवालदार काकी पडलं. बाकी तिच्या सात पिढ्यांत पोलिसात कोणी नव्हतं. नवरा साजगावच्या एका कारखान्यात होता, तो मी शाळेत असतानाच गेला. मूलबाळ नव्हतं. आमचं घर आणि तिचं घर ह्यांच्यात एकच भिंत, त्यामुळे मी निम्मी तिच्याकडेच वाढले. काकी जाऊन आता दोन पावसाळे झाले. माझ्या लग्नाचा विषय निघाला की मी आधी काकीबद्दल बोलते आणि मग, वेळ उरला तर, नवऱ्याबद्दल. त्याची ह्याबद्दल अजून तक्रार आहे.

काकी अखंड बोलायची. कोंबड्यांशी, चुलीशी, गॅसच्या सिलेंडरशी ("संपलास? आजच? पाव्हने दारात असताना?"), टीव्हीतल्या बाईशी आणि टीव्ही बंद केल्यावर रिमोटशी. मला सकाळी उठायला कधी गजर लावावा लागला नाही. भिंतीपलीकडून काकी दुधाला दम देत असायची, "उतू जायचं नाय हां, मी बगतेय." एकदा मी विचारलंच, काकी, तुझं तोंड दुखत नाही का गं? तर म्हणाली, "गप घराला बुरशी धरते, बये. मानूस एक असला तरी घरात आवाज दोघांचा पायजे." दोघांचा आवाज ती एकटीच काढायची. प्रश्न तिचे, उत्तरंही तिचीच, आणि कधीकधी भांडणही व्हायचं.

मग तिच्याकडे साहेब आणि मॅडम आले. गावाबाहेरच्या एका फार्महाऊसच्या मालकाने जागा विकली आणि जाताना राजहंसांची जोडी काकीच्या अंगणात सोडली. पांढरेशुभ्र, गुडघ्याच्या वर येतील एवढे, नारिंगी चोचीचे. आल्या दिवशी दोघं मान ताठ करून अंगणभर फिरले, विहिरीकडे बघितलं, आमच्या पडवीकडे तुच्छतेने बघितलं. काकी म्हणाली, "हे तर जागा बगायला आल्यासारखे फिरतायत!" तिथेच त्यांचं बारसं झालं. साहेबाचा आवाज म्हणजे गंजलेलं गेट उघडल्यासारखा, इथे ओरडला तर खालापूरला ऐकू जाईल असा. कुरियरवाले आमच्या घरची पार्सलं रस्त्यावरूनच फेकायला लागले.

माझ्या सासरची माणसं मला बघायला आली तेव्हा साहेबाने कहर केला. माझे होणारे सासरे गाडीतून उतरले, नवीन इस्त्रीची पँट, हातात मिठाईचा पुडा. साहेब मान जमिनीला समांतर करून सूं करत आला आणि त्याने मागून पँट धरली. सासरे अंगणात गोल फिरतायत, साहेब पँट धरून त्यांच्यामागे गोल फिरतोय, आणि सासरे ओरडतायत, "अहो धरा! धरा त्याला!" माझ्या भावाने, नितीनने, साहेबाला धरायचं सोडून मोबाईलवर व्हिडिओ काढला. काकीने शेवटी साहेबाला बगलेत मारलं आणि सासऱ्यांना म्हणाली, "चावला नाय ओ, ओळख करून घेतली. पसंत हाव तुमी." लग्न ठरलं. अशा माणसांच्या शेजारी वाढलेली मुलगी कशालाच घाबरणार नाही, असं सासऱ्यांचं मत झालं म्हणे.

लग्नाला थोडेच आठवडे उरले असताना मोकाट कुत्र्यांनी मॅडमला मारलं. काकी बाजाराला गेली होती. ती परत आली तेव्हा साहेब रक्ताळलेल्या पंखाने न्हाणीच्या कोपऱ्यात उभा होता, भिंतीकडे तोंड करून. त्या दिवसापासून त्याचा आवाज बंद झाला. तांदळाची कणी टाकली तरी बघेना, काकी बळेच चोचीत भरवेल तेवढंच गिळायचा, पाण्यात सोडला तरी परत कोपऱ्यात. गंजलेलं गेट वाजायचं थांबलं आणि सगळ्या आळीला चुकल्यासारखं वाटायला लागलं. काकी त्याच्याशेजारी पाटावर बसून त्याला समजावायची, रागवायची, आणि मग स्वतःच डोळे पुसायची. मला म्हणाली, "हा जायाचा गं. मला म्हाईत हाय हे. तुझा काका गेला तेवा मी पन अशीच भितीकडं तोंड करून बसलेले. मानूस भुकेनं नाय मरत, कोनासाठी खायाचं ते कळेनासं झालं की मरतं."

आणि मग लाकडांच्या माचीमागे तिला अंडी सापडली. मॅडमने गवतात दडवून घातलेली, प्रत्येक अंडं मुठीत मावणार नाही एवढं. काकी ती ओच्यात घेऊन आमच्या दारात आली तेव्हा तिचा चेहरा लॉटरी लागल्यासारखा झाला होता. "ह्यांच्यातून एक जरी निघालं ना, तर साहेब वाचला. एक बस हाय मला. एकासाठी पन बाप जगतो."

राजहंस पाळणाऱ्याने अंडी उबवायची तयारी आधीपासून ठेवायला हवी, पण काकीकडे होती ती फक्त एक खुडूक कोंबडी. तिला काकीने अंड्यांवर, रवणाला बसवलं. कोंबडी बिचारी ह्या अंड्यांवर लोडावर बसलेल्या पाहुण्यासारखी दिसत होती, पाय जमिनीला टेकेनात. दुसऱ्या दिवशी ती उतरली, आणि जाताना तिने काकीकडे असं काही बघितलं की काकीच म्हणाली, "तिचं बरोबर हाय. मला कोनी हत्तीच्या पोरावर बसवलं असतं तर मी पन उतरले असते."

मग यंत्र करायचं ठरलं. नितीनने मासळीवाल्याकडून थर्माकोलचं खोकं आणलं. ते धुऊन, उन्हात वाळवून, पुन्हा धुवूनसुद्धा अंड्यांना बोंबलाचा वास लागला तो लागलाच. त्यात त्याने होल्डर बसवून बल्ब लावला. खोकं झगझगीत उजळलं. आम्ही सगळे पाया पडावं तसे त्याच्याभोवती बसलो. तासाभराने हात घालून बघितलं तर आत सावलीतल्या मडक्यासारखा गारवा. नितीनने एलईडी बल्ब लावला होता! काकीने कपाळावर हात मारला. "उजेडानं पोरं होत असती रं, तर टूबलाईटखाली गाव भरलं असतं." जुना पिवळा बल्ब आता कुठे मिळतो? मी ऑफिसमधून येताना खालापूरची दुकानं पालथी घातली. शेवटी एका म्हाताऱ्या दुकानदाराने माळ्यावरून तीन बल्ब काढून दिले आणि विचारलं, "देवळासाठी की कोंबडीसाठी?" मी म्हटलं, "साहेबांसाठी." 

काकीची पद्धत अशी होती. अंड्याच्या एका बाजूला कुंकवाचं बोट लावायचं. कुंकू वर आलं की ह्या कुशीवर, खाली गेलं की त्या कुशीवर, म्हणजे अंडं फिरवलं की नाही ह्यात घोटाळा नको. दिवसातून एकदा झाकण काढून वारा द्यायचा आणि देवावर शिंपडतात तसं कोमट पाणी शिंपडायचं. "मॅडम पान्यातनं ओल्या अंगानं यायची ना, तसं." खोक्याच्या कोपऱ्यात तिने जुना अडकित्ता ठेवला. वीज कडाडली तर रवणातली अंडी नासतात आणि लोखंड जवळ असलं की नासत नाहीत, असं आमच्याकडे मानतात. मी तो तसाच राहू दिला. अडकित्त्याने अंड्याचं काही वाईट होत नाही.

काही दिवसांनी आम्ही खोलीत अंधार करून मोबाईलच्या टॉर्चवर अंडी धरून बघितली. काही नुसतीच पिवळी, रिकामी निघाली, ती काकीने गपचूप बाजूला ठेवली. उरली चार. त्यातल्या पहिल्यात लाल धाग्यांचं जाळं दिसलं आणि त्या जाळ्यात एक काळा ठिपका टुणकन हलला. काकीने माझं मनगट असं दाबलं की बांगडी पिचली. "हलला गं," एवढंच म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा काकी दोन शब्दांवर थांबली होती.

आणि त्याच दिवशी तिने ठरवलं की ह्या खोलीत आपण बोलायचं नाही. मला वाटलं माझीच ऐकण्यात चूक झाली. काकी? बोलणार नाही? ती मला अंगणात ओढून घेऊन गेली आणि कुजबुजली, "कोंबडी बसल्या जागी अंड्यांशी बोलते, बगितलंस ना? आतलं पिल्लू आवाज वळखायला लागतं. माझा आवाज आयकला तर मलाच आय समजतील. बाहेर आली की माज्याच मागं फिरतील, आन् साहेब बसल भितीकडं तोंड करून. मला पोरं नकोत गं. मला त्याला द्यायचीत."  ज्या बाईने जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांना न्हाऊ घातलं, ती म्हणत होती मला नकोत. तेवढ्यात ती म्हणाली, "पन साहेबाचा आवाज आनायचा कुठून? तो तर बोलंना."

आवाज आमच्याकडे होता. नितीनचा व्हिडिओ! मग रोज सकाळ-संध्याकाळ त्या खोक्यावर मोबाईल ठेवून माझ्या सासऱ्यांची पँट साहेबाने धरल्याचा व्हिडिओ अंड्यांना ऐकवला जाऊ लागला. साहेबाच्या आरोळ्या आणि मधून मधून "अहो धरा! धरा त्याला!" पुढे सासरे दिवाळसणाचं बोलायला आले, तेव्हा अर्धी वाढलेली पिल्लं त्यांच्या आवाजामागे थेट उंबऱ्यापर्यंत गेली. सासऱ्यांना वाटलं जनावरं आपल्याला ओळखतात. काकीने त्यांना खरं कारण कधी कळू दिलं नाही.

तिच्या हिशोबाने पिल्लं निघायची वेळ आली नेमकी माझ्या हळदीला. आणि नितीनने हळदीला डीजे सांगितला होता. आमच्याकडे हळद म्हणजे डीजे, त्याशिवाय लोक हळद लागली असं मानतच नाहीत. काकी आमच्या पडवीत येऊन उभी राहिली. "विजेला अडकित्ता पुरतो. त्या भोंग्याला नाय पुरायचा. आन् वरून पोरं त्यालाच बाप समजली तर? जन्मभर धाड धाड करत फिरतील!" नितीन म्हणाला, "काकी, आगाऊ पैसे दिलेत." बाबा म्हणाले, "पाव्हने काय म्हणतील?" आई म्हणाली, "अंड्यांसाठी पोरीची हळद मुकी करायची का?" मला विचारलंच नाही कोणी. शेवटी तह झाला. डीजेचा टेंपो आळीच्या पार खालच्या टोकाला, शेताकडे तोंड करून लावायचा आणि आवाज बारीक ठेवायचा. हळदीच्या सकाळी डीजेवाला खोपोलीहून आला, तेव्हा काकीने त्याला रस्त्यातच गाठून सांगितलं, "वर दिसलास तर वायर तोडीन."

हळदीच्या आदल्या दिवशीच तीन अंड्यांना टवका गेला होता. कान लावला की आतून बारीक चिवचिव. काकीने पदर पूर्ण तोंडावर ओढून घेतला आणि घरात तशीच चाचपडत फिरायला लागली. "तोंड दिसायला नको. पयलं जे दिसंल त्याच्यामागं लागतील." त्या अवताराने ती हळदीला आली, तेव्हा माझ्या मावशीने आईला हळूच विचारलं, ही कोणाकडची नवरी?

संध्याकाळी मला हळद लागली. आमच्या घरच्या बायका हात राखून काही करत नाहीत. कपाळापासून घोट्यापर्यंत मी पिवळी. मांडवाच्या माळा लागल्या, जेवणाच्या जागेवरचे मोठे दिवे लागले, खाली डीजे सुरू झाला, आणि फाट्‌कन आवाज येऊन सगळं गाव काळं झालं. गावच्या ट्रान्सफॉर्मरची डीपी उडाली होती. आमच्याच मांडवाच्या लोडने. वायरमनला फोन लावला तर तो खालापूरकडे दुसऱ्या लग्नाची डीपी बघायला गेलेला.

भिंतीपलीकडून काकीची हाक आली, तोंडावर पदर असल्यामुळे घोगरी. मी हळदीच्या साडीत उठले. मावशी ओरडली, "हळद लागलेली नवरी मांडवाबाहेर जात नसते!" काकीने खिडकीतून उत्तर दिलं, "मांडवाचा एक खांब माज्या अंगनात हाय. मांडव माझ्या उंबऱ्यापर्यंत हाय. ये गं तू." मी गेले. खोकं गार पडायला लागलं होतं. गरम पाण्याच्या बाटल्या ठेवल्या, त्या एक तर भाजायच्या नाहीतर निवायच्या. अर्धी बाहेर आलेली ओली पिल्लं गारठली की संपलं, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. बाहेर साहेब भिंतीकडे तोंड करून उभा होता.  आणि आळीच्या खालच्या टोकाला, सगळ्या अंधारात, एकच जागा झगमगत होती. डीजेवाल्याचा जनरेटर.

पुढचं मी खिडकीतून बघितलं, बोलणं काय झालं ते नंतर डीजेवाल्यानेच सांगितलं. काकी तोंडावर पदर घेऊन, धावत, आळी उतरली. "रं बाबा, तुझा टेंपो माज्या दारात लाव!"

डीजेवाला म्हणाला, "सकाळी तुमीच बोल्लात ना काकी, वायर तोडीन म्हनून?"

"सकाळची गोष्ट सकाळी. आता वायर जोड."

"जोडतो. पन जनरेटर मी नुसता चालवत नाय. लोकं नाचतायत तवर थांबतो, नायतर चौक गावाला दुसरी हळद हाय माझी."

काकी म्हणाली, "वाज. लागंल तेवडा वाज. पन बंद पडू नको."

आणि जिने डीजे हाकलून दिला होता तीच त्याच्यापुढे उलटी चालत, हात हलवत, "येऊ दे, येऊ दे, डावी मार, मांडव संबाळ," करत त्याला स्वतःच्या उंबऱ्याशी घेऊन आली. नितीनने खिडकीतून वायर आत घेतली. बल्ब लागला. मी आनंदाने किंचाळले, पण ते कोणाला ऐकू गेलं नाही, कारण त्याच क्षणी डीजे सुरू झाला. काकीच्या मांडणीवरची भांडी नाचली. अडकित्ता खोक्यात आपोआप फिरला. सगळं वऱ्हाड तिच्या अंगणात नाचायला आलं.

थोड्या वेळाने जेवणाची पानं मांडल्याची हाक आली. नाचणारे एकेक करून पांगायला लागले, कोणाला मटण सोडवत नाही. डीजेवाला वायर गुंडाळायला वाकला. तेव्हा काकी अंगणाच्या मधोमध गेली आणि नाचायला लागली. काकी गेल्यापासून काकीला नाचताना कोणी बघितलं नव्हतं. चुकलं, काका गेल्यापासून! लिहितानासुद्धा मला हसू आवरत नाहीये. तोंडावर पदर, त्यामुळे दिसत काही नाही, दोन्ही हात वर, कधी तुळशीला धडकतेय, कधी डीजेवाल्याला. "या गं! बसताय काय? मटन काय पळून चाललंय?" मग आई उठली, मावशी उठली, मला बाहेर सोडू नका म्हणणाऱ्या सगळ्या उठल्या. पानं मांडून वाढपी वाट बघत बसले आणि आळीतल्या यच्चयावत बायका एका बल्बसाठी नाचत राहिल्या.

आणि मग कोपऱ्यातून मान वर झाली. इतके दिवस भिंतीकडे बघणारा साहेब वळला. त्याच्या दारात येऊन त्याच्यापेक्षा मोठ्याने ओरडणारा हा कोण? त्याने पंख पसरले, मान जमिनीला समांतर केली आणि गर्दीतून वाट काढत थेट त्या भल्या मोठ्या स्पीकरवर गेला. गंजलेलं गेट उघडलं! एकदा, दोनदा, मग थांबेचना. डीजेवाला टेंपोच्या टपावर चढला. काकी हात वर केलेल्या अवस्थेतच थांबली. "बोल्ला गं! साहेब बोल्ला!" आणि रडायला लागली, आणि रडत रडत पुन्हा नाचायला लागली.

मी खोक्याकडे धावले. काकी दाराबाहेरूनच ओरडली, "तूच बग! तुला बगितलं तरी चालंल, तुझं तोंड त्यांच्यासारकंच पिवळं हाय!" ती स्वतः उंबऱ्याला पाठ करून उभी राहिली आणि मी आतून सांगत राहिले. एक आलं. भिजलेल्या कापसाच्या बोळ्यासारखं. "पाय हायत ना? दोन?" दोन आहेत. दुसरं आलं. "चोच?" चोच आहे, काकी. तिसरं येतंय, अडकलंय, ढकलतंय, आलं! चौथं अंडं मात्र गप्पच राहिलं. ते मी तिला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "असूं दे. त्याचं येवडंच." महिनाभर पोटच्यासारखी जपलेली ती पिल्लं तिने त्या रात्री एकदाही बघितली नाहीत.

सकाळी आमची बस दारात उभी होती. कर्जतच्या हॉलवर लग्न, तिथूनच मला सासरी पेणला जायचं होतं. बाबा मुहूर्त मुहूर्त करत होते, ड्रायव्हर हॉर्न देत होता. मी शालू नेसून, मुंडावळ्या बांधून काकीच्या अंगणात उभी राहिले आणि सांगितलं, साहेबाने पिल्लं घेतली की नाही हे बघितल्याशिवाय मी बसमध्ये चढणार नाही. मग काय, सगळं वऱ्हाड खाली उतरलं.

काकीने पदराआडून चाचपडत टोपली साहेबासमोर ठेवली आणि मागे सरली. साहेब सूं करत पुढे आला. त्या चोचीच्या एका फटक्यात खेळ संपला असता. बाबासुद्धा मुहूर्त विसरले. साहेबाने मान टोपलीत घातली. बराच वेळ तशीच ठेवली. मग त्याच्या घशातून एक अगदी हळू, आम्ही कधी न ऐकलेला आवाज निघाला, आणि तिन्ही पिवळी पोरं धडपडत, एकमेकांवर पडत, टोपलीबाहेर आली आणि त्याच्या पायात शिरली. साहेबाने इकडे तिकडे बघितलं, आम्हा सगळ्यांवर एकदा सूं केलं, आणि जमिनीवरची कणी खाल्ली. एक घास, मग दुसरा. नितीनने शिट्टी मारली. बसच्या ड्रायव्हरने टाळ्या वाजवल्या.

मग साहेब बोअरच्या पाण्याच्या डबक्याकडे निघाला आणि मागून ती तिघं, रांगेत, डुलत डुलत. काकीने तोंडावरचा पदर काढला आणि त्यांच्या पाठी बघत राहिली.

"गेली बग," ती म्हणाली. "एकानं पन मागं वळून बगितलं नाय."

"वाईट वाटलं, काकी?"

"वाटलं की. पन येवड्यासाठीच तर केलं ना समदं." मग तिने माझी मुंडावळी सरळ केली, मला बसच्या पायरीपर्यंत आणलं आणि माझ्या पाठीवर एक हलकी थाप मारली. "मी काय हॉलवर येत नाय. कुत्री फिरतायत, पोरं नवी हायत. तू जा. आन् तशीच जा, वळून बगू नको. पोर वळून बगायला लागली ना, तर वाढवनाऱ्याचं काय तरी चुकलं म्हनायचं."

बस सुटली आणि मी वळून बघितलं. वळण येईपर्यंत बघत राहिले, मुंडावळ्या तोंडात जात होत्या तरी. काकीचं काहीच चुकलं नव्हतं. मी राजहंसाचं पिल्लू नव्हते, एवढंच.